संत्र्याच्या रसावर वाढणारा सेल्युलोजचा पडदा

मंगरूळपीर तालुक्यातील शेतकऱ्यास कपाशी आणि संत्रा ही दोन्ही पिके परिचित आहेत. कपाशीची रुई म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज होय. हेच द्रव्य एक सूक्ष्म जिवाणू साखरेपासून तयार करतो, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. बारीक व डागाळलेल्या संत्र्यांस बाजारात भाव मिळत नाही. म्हणून ही गोष्ट आपल्या विचारास योग्य आहे.

जुन्या सिरक्याच्या बरणीत वर जमणारा चिवट पापुद्रा पुष्कळांनी पाहिला असेल. इंग्लंडमधील ब्राउन या शास्त्रज्ञाने १८८६ साली तो सेल्युलोजचा असल्याचे दाखविले. फिलिपाइन्समध्ये नारळाच्या पाण्यावर असाच पडदा वाढवून तो गोड पदार्थ म्हणून खातात. केरळात त्यापासून चामड्यासारखे कापड बनविण्यात आले आहे. जखमेवरील पट्ट्या व ध्वनिवर्धकाचे पडदे यांसाठीही त्याचा उपयोग झालेला आहे.

कृती अवघड नाही; स्वच्छता मात्र कडक हवी. संत्री प्रथम सोलून घ्यावीत, कारण सालीतील तेल जिवाणूंस मारक असते. जमिनीवर गळून कुजलेली फळे घेऊ नयेत. त्यांतील बुरशी सर्व काम बिघडविते. रस गाळून उकळावा व निवल्यावर त्यात शुद्ध विरजण घालावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथून असे विरजण संशोधन संस्थांस मिळू शकते. तेव्हा कृषी विद्यापीठ वा महाविद्यालयाच्या मार्फत ते मिळविणे सोयीचे. रस उथळ व पसरट भांड्यात ओतून वर स्वच्छ कापड बांधावे. हा जिवाणू हवेवर जगतो, म्हणून पडदा पृष्ठभागावरच धरतो. भांडे हलविल्यास तो मोडतो. तपमान २८ ते ३० अंश सेल्सियस असावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हे साधणे कठीण. आंबिया बहाराच्या तोडणीचा काळ त्या मानाने बरा. सुमारे एक ते दोन आठवड्यांत पडदा जाड होतो. मग तो धुऊन सौम्य कॉस्टिक सोड्यात उकळावा आणि पाणी निर्मळ येईपर्यंत पुन्हा धुवावा. कॉस्टिक सोडा अंगास भाजतो, म्हणून हातमोजे अवश्य वापरावेत.

येथपर्यंत सर्व सोपे वाटते. खरा प्रश्न हिशेबाचा आहे. ताज्या पडद्यात जवळजवळ नव्व्याण्णव टक्के पाणी असते. म्हणजे शंभर किलो ओला पडदा वाळविल्यावर हाती सुमारे एक किलोच माल येतो. रसातील सगळ्या साखरेचे सेल्युलोज होत नाही, काहींचे आम्ल बनते. कापसातील सेल्युलोज स्वस्त व मुबलक असताना एवढ्या अल्प मालास भाव मिळेल तो केवळ त्याच्या विशेष गुणांमुळे, म्हणजे अतिसूक्ष्म तंतू, शुद्धता व ओलावा धरण्याची शक्ती यांमुळे. असा माल घेणारे कारखाने मोजके असून त्यांची गुणवत्तेची अट कठीण असते. जखमेच्या पट्टीसाठी तर घरगुती माल चालणारच नाही.

म्हणून ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस कर्ज काढून भांडी व शेड उभारण्याचा सल्ला देऊ नये. प्रथम दोन-तीन भांड्यांत प्रयोग करावा, वाळलेल्या पडद्याचे वजन करून रस, इंधन व मजुरी यांचा खर्च त्यापुढे मांडावा. तो नमुना घेऊन खरेदीदाराशी बोलणी करावीत व दर लेखी ठरल्यावरच पुढील भांडी आणावीत.