आपला बीपी कोण बघणार?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला आशाताई बीपीचं मशीन घेऊन आल्या. बायकांचं आपलं सुरू, "आमच्या यांचं बघा हो, मला काय होतंय!" शेवटी मीच हात पुढे केला. आकडा आला १६०/१००. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. सासऱ्यांच्या गोळ्या रोज न चुकता काढून देणारी मी, स्वतःचा बीपी शेवटचा कधी मोजला ते आठवेना!

डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणात वाढला होता का?" धाकट्याच्या वेळी वाढला होता खरा. बाळंत झाल्यावर उतरला आणि मीही विसरले. अशा बायकांना पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. गरोदरपणातल्या मधुमेहाचंही तसंच. पाळी गेल्यावर तर धोका आणखी वाढतो.

पण सगळंच शरीरावर ढकलून कसं चालेल? सगळ्यांची जेवणं झाल्यावर आपण बसायचं. भाजी संपलेली, मग लोणचं, पापड, ठेचा. दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा कमी हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझं तेवढं दुपारीच होत असेल! गटातल्या कितीतरी जणी मशेरी लावतात. दातांसाठी म्हणतात, पण ती भाजलेली तंबाखूच ना! आणि दवाखान्यात जायचं तर सोबत कोण, पैसे कोणाकडे मागायचे?

मेंदूचंही यातच आलं. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्यासारख्या १४ गोष्टी 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये सांगितल्या. त्यात मध्यम वयातला वाढलेला बीपी आहे, तसंच कमी शिक्षण, एकटेपणा आणि कमी ऐकू येणंही आहे. ऐकू येत नाही म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवलेली आजी आठवली की नाही?

आमच्या शेजारच्या काकूंचा एका संध्याकाळी जबडा दुखायला लागला, पाठ भरून आली, दरदरून घाम. "पित्त झालंय" म्हणून ओवा खाल्ला आणि पोळ्या लाटत राहिल्या. दवाखाना दुसऱ्या दिवशी! वाचल्या, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. आता जिना चढताना दोनदा थांबतात. बायकांना छातीत दुखतंच, पण कधी कधी नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅनही व्हावा लागतो.

माझ्या गोळ्या आता सासऱ्यांच्याच डब्यात ठेवल्यात. सकाळी तेच विचारतात, "सूनबाई, तुझी घेतलीस का?"