आल्व्हार आल्टो आणि पाइमिओचे क्षयरोग आरोग्यधाम

आधुनिक वास्तुकलेने उपयुक्ततेला प्रमाण मानले; परंतु उपयोग कोणाला, या प्रश्नाचा खरा विचार फिनलंडचे वास्तुशिल्पज्ञ आल्व्हार आल्टो (१८९८-१९७६) यांच्या पाइमिओ येथील आरोग्यधामात (१९३३) दिसतो. खोली एरवी उभ्या माणसासाठी आखली जाते. क्षयरोगी मात्र महिनोन्महिने उताणा पडून असे. म्हणून छताला सौम्य हिरवा रंग दिला गेला, दिवा रुग्णाच्या नजरेआड ठेवला गेला आणि उष्णता त्याच्या पायांकडे वळविण्यात आली. शेजाऱ्याची झोपमोड होऊ नये यासाठी बेसिनमध्ये पाणी तिरके, आवाज न करता पडेल अशी योजना होती. आल्टो यांच्या पत्नी आयनो याही वास्तुशिल्पज्ञ होत्या. त्यांच्या सहभागाचा उल्लेख पुष्कळदा राहूनच जातो. वाकविलेल्या प्लायवूडच्या खुर्चीची पाठ श्वसन सुलभ व्हावे अशा कोनात कललेली आहे. तीच खुर्ची आज संग्रहालयांत कलावस्तू म्हणून मांडलेली आढळते.