पेंच व्याघ्र प्रकल्पातील वन्यजीव सर्वेक्षण (महाराष्ट्र)

पेंच व्याघ्र प्रकल्पातील वन्यजीव सर्वेक्षण म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेक व पारशिवनी तालुक्यांतील पेंच व्याघ्र प्रकल्पात वन्यप्राण्यांची संख्या, वावर व अधिवास यांची शास्त्रीय पद्धतीने केली जाणारी पाहणी होय. वाघांचा देशव्यापी अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी काढला जातो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्यांचे वन विभाग हे काम करतात.

== क्षेत्र ==
सातपुड्याच्या पायथ्याचे हे शुष्क पानझडी वन असून त्यात साग प्रमुख आहे. पेंच नदीवर तोतलाडोह जलाशय आहे. येथील २५७.२६ चौ. किमी क्षेत्राला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा व १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मानसिंगदेव अभयारण्य २०१० मध्ये घोषित झाले. वाघ, बिबट्या, रानकुत्रा, अस्वल, गवा, सांबर, चितळ, नीलगाय व चौशिंगा हे येथील प्रमुख सस्तन प्राणी आहेत.

== पार्श्वभूमी ==
पूर्वी वाघांची गणना पाऊलखुणांवरून होत असे. मागच्या पायाचा ठसा काचेवर रेखाटून अथवा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये घेऊन वाघ ओळखला जाई. मात्र माती, ओलावा व चालीचा वेग यांनुसार एकाच वाघाचे ठसे वेगवेगळे उमटतात. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर ही पद्धत मागे पडली. विदर्भात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची प्रथाही आहे. परंतु सर्व प्राणी त्या रात्री पाण्यावर येतीलच असे नाही आणि एकच प्राणी दोनदा मोजला जाऊ शकतो. म्हणून हा उपक्रम आता मुख्यतः निसर्गानुभवासाठी होतो.

== पद्धती ==
=== पायी पाहणी ===
वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात पायी फिरून मांसभक्षी प्राण्यांची विष्ठा, ठसे व ओरखडे नोंदवतात. तृणभक्षी प्राण्यांसाठी ठरावीक सरळ रेषेवरून चालत, दिसलेल्या कळपाची संख्या, अंतर व कोन टिपला जातो. रेषेपासून दूरचे प्राणी कमी दिसतात. हे प्रमाण किती घटते यावरून न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज बांधला जातो.

=== कॅमेरा ट्रॅप ===
वाघाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे भिन्न असतात व कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्यामुळे वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बसवतात. समजा, पहिल्या फेरीत १० वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही १० टिपले गेले आणि त्यांपैकी ५ आधीचेच होते, तर एकूण संख्या सुमारे २० असावी. प्रत्यक्ष गणितात कॅमेऱ्यांच्या जागाही विचारात घेतल्या जातात. म्हणून निष्कर्ष एका आकड्यात नव्हे, तर किमान व कमाल मर्यादांसह मांडला जातो.

== सीमा आणि संचारमार्ग ==
पॅसिफिक महासागरातील दुर्गम बेटांवर सर्वेक्षणाची हद्द समुद्रच ठरवतो. पेंचमध्ये तशी हद्द नाही. उत्तरेस मध्य प्रदेशातील पेंच व्याघ्र प्रकल्प लागून असल्याने वाघ राज्यसीमा ओलांडतात. त्यामुळे एकच वाघ दोन्हीकडे मोजला जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे ताडून पाहावी लागतात.

याउलट, संचारमार्ग तुटल्यास शेती व रस्त्यांनी वेढलेले जंगल बेटासारखे एकाकी होते. छोट्या व एकाकी समूहात आंतरप्रजनन वाढते आणि स्थानिक विलोपाचा धोका निर्माण होतो. रामटेकजवळील मनसरहून खवासाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ या जंगलातून जातो. त्याच्या रुंदीकरणात प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे यासाठी नऊ ठिकाणी बांधकामे करण्यात आली. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ प्रजातींचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना आढळले. त्यांत ११ वाघ होते.

== महत्त्व ==
महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३, २०१८ मध्ये ३१२ व २०२२ मध्ये ४४४ होता. सर्व फेऱ्या नमुना पद्धतीवर आधारलेल्या असल्या, तरी दरम्यान पाहणीचे क्षेत्र व कॅमेऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यामुळे आकड्यांची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. संरक्षण, पुनर्वसन व रस्त्यांविषयीचे निर्णय या नोंदींच्या आधारे घेतले जात असल्याने त्यांची अचूकता महत्त्वाची ठरते.