रंगीत हिऱ्यांचें मोल

हिरा म्हटला कीं पाण्यासारखा स्वच्छ खडा डोळ्यांपुढें येतो. तथापि हिऱ्यांस रंगही असतात, हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शुभ्र हिरा ब्राह्मणांस, तांबडा व पिवळा क्षत्रियांस प्रशस्त सांगितला आहे. (आमच्या वाट्याचा तो शुभ्र हिरा संगमेश्वरीं कोणाच्या घरीं उतरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं!)

इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनीं १९२३ सालीं पॅरिसच्या शोमे पेढीकडून एका निळ्या हिऱ्याचें कडें घडविलें. हिऱ्याचें वजन २३.२४ कॅरट, म्हणजे अर्धा तोळाही नव्हे. पुढें यशवंतरावांच्या कारकीर्दींत तो कंठ्यांत गेला. १९४७ सालीं अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनीं तो घेतला आणि त्यांजकडून तो बडोद्याच्या महाराजांकडे आला. दोन मराठी राजघराण्यांनीं मिरविलेलें हें रत्न आज ‘गोवळकोंडा ब्लू’ या नांवानें प्रसिद्ध आहे.

मौज ही कीं, शुद्ध हिऱ्यास रंगच नसतो. कार्बनांत बोरॉनचा लेशमात्र शिरकाव झाला कीं तो निळा होतो, नायट्रोजनचा झाला कीं पिवळा. फिकट पिवळसर छटेनें किंमत उतरते. तीच छटा गडद झाली कीं चढते!

लेकीसुनांसाठीं असा खडा घेतांना मात्र सावध असावें. हल्लीं किरणांच्या योगें हिऱ्यास रंग चढवितात, प्रयोगशाळेंतही रंगीत हिरे करतात. ते हिरेच खरे, परंतु दुर्मिळ नव्हेत. आणि नुसत्या डोळ्यांस भेद कळत नाहीं. रंग नैसर्गिक असल्याचा रत्नपरीक्षकांचा लेखी दाखला हातीं आल्याखेरीज सराफास पैसे मोजूं नयेत.