परसातला उकिरडा आणि घरचे कंपोस्ट



आमच्या खात्याचे काम उसाचे. लागण, खोडवा, बेणे आणि तोडणीचा प्रोग्रॅम यांतच आमचे वर्ष सरते. मग परसातल्या वांगी-मिरचीवर आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. कारण सांगितलेच पाहिजे, कारण चूक आमची आहे.

गेल्या गळीत हंगामात, जानेवारी महिन्यात, एका सभासदांच्या घरी खोडव्याची नोंद घेण्यास गेलो होतो. चहा झाला आणि त्यांच्या मातोश्रींनी विचारले, "सायेब, माझ्या वांग्यास्नी घालायला काय खत असंल तर सांगा की." आम्ही फारसा विचार न करता म्हणालो, "आजी, कारखान्यावरनं प्रेसमडची ट्रॉली आलीच आहे, त्यातल्या चार पाट्या द्या बुडाला." आठ दिवसांनी गेलो तो रोपांनी माना टाकलेल्या. आजीबाई एवढेच म्हणाल्या, "तुमच्या खतानं माझी वांगी मारली की वो." घर खाऊन उरलेली वांगी त्या आठवड्याच्या बाजारात बसून विकतात आणि मीठ-मिरचीचा खर्च त्यातून भागवितात. आम्हांस खाली मान घालण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

झाले असे की, ताज्या प्रेसमडमध्ये साखरेचा अंश शिल्लक असतो, मेणही असते. ओलावा मिळताच ते आंबू लागते, गरम होते आणि कोवळ्या मुळ्या त्यात सापडतात. उसाच्या रानात ते कुजवून टाका, असे आम्हीच दर मेळाव्यात सांगतो. परसात मात्र विसरलो.

त्यांच्या परसाच्या भिंतीलगत उकिरडा होता. तो आपल्या सर्वांच्या घरी असतो. शेण, गोठ्यातला गाळा, चुलीची राख, भाजीची देठे, आणि हल्ली त्यात शाम्पूच्या पुड्या व दुधाच्या पिशव्या. कोंबड्या तो उकरतात, उन्हाने वरचे शेण वाळते, त्यातले नत्र हवेत उडून जाते आणि उरलेसुरले पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागते. वर्षाने आपण गाडी भरतो ती निम्मी मातीची असते. उकिरडा आणि कंपोस्ट यांत माल तोच असतो. फरक आहे तो रचण्याचा, पाण्याचा आणि उलथापालथ करण्याचा.

आजीबाईंची परवानगी घेऊन (ती सहज मिळाली नाही) आम्ही व आमचे स्लिपबॉय यांनी त्यांच्या परसात ढीग लावला. चार फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. याहून लहान ढीग आत उष्णता धरत नाही. तळाला तुरकाठ्या आडव्या टाकल्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वीतभर पाचट, त्यावर भाजीचा कचरा व हिरवा पाला, त्यावर शेणकाला आणि मूठ-दोन मूठ जुन्या खताची माती. पुन्हा पाचट. अशा थरांनी ढीग वर नेला आणि वरून माती-शेणाने लिंपला. राख भुरभुरावी, ओतू नये. राख जास्त झाली की शेणातले नत्र उडते. तेलकट खरकटे आणि मटणाची हाडेही घालू नयेत, नाहीतर गावची कुत्री ढीग उकरून टाकतील.

शेण कशाला, एवढे पाचट आहे ना, असे बरेच जण म्हणतात. पाचटात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडे. साधारण शंभरास एक म्हणा. कुजविणाऱ्या जिवाणूंना तीसास एक असे प्रमाण मानवते. शेण, हिरवा पाला, गोबरगॅसची स्लरी यांनी ती तूट भरून निघते. ज्यांच्याकडे जनावर नाही, त्यांनी शेजाऱ्याकडून दोन घमेली शेण मागून आणावे. तेवढ्यावरही काम भागते.

पंधरा दिवसांनी पहिली उलथणी केली आणि पुन्हा फजिती. आत सगळे कोरडे, पांढरी बुरशी धरलेली, पाचट जसेच्या तसे. पाचटाचे पान गुळगुळीत, वरून मारलेले पाणी घरंगळून जाते हे ध्यानात राहिले नव्हते. आजीबाई दारातून म्हणाल्या, "भाकरीचं पीठबी पाण्याबिगर मळत न्हाई, सायेब." मग पाचट कोयत्याने तोडून रात्रभर हौदाच्या कडेला भिजत टाकले आणि ढीग नव्याने रचला. चौथ्या दिवशी त्यात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली, तर हातात धरवेना. ही परीक्षा कोणासही करता येते. सळई थंड निघाली तर पाणी कमी आहे किंवा शेण कमी आहे असे समजावे. ओलाव्यासाठी आतला मूठभर माल पिळावा. बोटांतून एखादा थेंब यावा, धार लागू नये. धार लागली, कुबट वास सुटला, तर ढीग उलथून त्यात कोरडे पाचट मिसळावे.

उलथणी पंधराव्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. ही रीत आमची नव्हे. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात ती बसविली आणि 1931 साली त्यावर पुस्तक लिहिले, त्यात यशवंत वाड हे त्यांचे सहलेखक होते. ज्यांना उलथणीचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतीला हवेसाठी झरोके, आणि उलथणी नाही. मात्र वीट-सिमेंटचा खर्च आहे आणि माल भरपूर लागतो. चार वाफ्यांच्या परसाला ढीगच बरा, असे आमचे मत.

एक गोष्ट मात्र जरा दरडावूनच सांगतो. अर्धवट कुजलेले खत परसातून उसाच्या रानात नेऊ नका. वळवाचे पाऊस झाले की हुमणीचे भुंगेरे निघतात, आणि कच्च्या शेणखतातून अंडी व अळ्या थेट रानात जातात. हुमणीने बसलेला ऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस जास्त सांगणे नको. उलथणीच्या वेळी पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात.

आजीबाईंचा ढीग एप्रिलअखेर तयार झाला. निम्म्यावर बसला होता, रंग काळपट, वास पहिल्या पावसातल्या मातीचा. चाळणीने चाळून जाडाभरडा माल पुढच्या ढिगात विरजणासारखा टाकला. जूनमध्ये नवी रोपे लावताना प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी खत घातले. प्रेसमडही वाया गेले नाही. उरलेले दुसऱ्या ढिगात थराथराने घालून तीन महिने कुजविले आहे.

शेतातल्या पाचटासाठी हा खटाटोप नको. ते सरीतच ठेवून दर टनास 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे व पाणी द्यावे. परसासाठी लागेल तेवढे दोन-चार भारे पाचट मात्र तोडणीनंतर लगेच बाजूला काढून ठेवा, म्हणजे काडी लावण्याचा मोह होण्याआधीच ते घरी पोचेल.

गौरी-गणपतीच्या सुमारास त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा आजीबाईंनी पिशवीत पाव शेर वांगी घातली. पैसे घेतले नाहीत, पण म्हणाल्या, "आता मिरचीला काय घालू, ते इचार करून सांगा."