हुकलेल्या अपघातांची नोंद

कामाच्या ठिकाणची सुरक्षा संस्कृती नियमांच्या फलकांपेक्षा एका सवयीवर अधिक उभी असते. धोका दिसताच तो न घाबरता सांगण्याची ही सवय. अपघात थोडक्यात टळतो तेव्हा नुकसान होत नाही, पण त्याचे कारण तसेच राहते.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे विमान डोंगरावर आदळले आणि ९२ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याच्या परवानगीचा चुकीचा अर्थ लावून वैमानिकांनी विमान वेळेआधीच खाली आणले होते. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे विमान तिथेच, त्याच गैरसमजातून थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, परंतु इतरांपर्यंत ती माहिती पोहोचली नाही.

यातून १९७६ मध्ये विमान वाहतुकीतील अशा धोक्यांच्या ऐच्छिक नोंदींची व्यवस्था सुरू झाली. दंड करणारी यंत्रणा नोंदी घेऊ लागली तर कोणी बोलणार नाही, म्हणून हे काम ‘नासा’कडे सोपवले गेले. नोंद करणाऱ्याची ओळख पुसली जाते. चूक अजाणता झाली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर साधारणपणे दंड माफ होतो. गुन्हे आणि प्रत्यक्ष अपघात यांना मात्र हे संरक्षण नाही.

कारखान्यालाही हेच तत्त्व लागू पडते. केवळ अपघातविरहित दिवसांवर बक्षीस ठेवले, तर लहान दुखापती लपवल्या जातात. तक्रारीनंतर यंत्राचे संरक्षक कवच खरोखर दुरुस्त झाले आणि तसे कामगाराला कळवले गेले, तरच तो पुढचा धोकाही सांगतो.