तेल महाग, गाडी मोठी

२००८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या पश्चिमेला, मी मुलाकडे मुक्कामाला होतो. शेजारचे गृहस्थ एका सकाळी पेट्रोल भरायला निघाले होते. "येता का?" म्हणाले, म्हणून मीही त्यांच्या पिकअपमध्ये चढलो. 'चढलो' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्या गाडीत नुसते बसता येत नाही. पायरीवर पाय देऊन, दांडा धरून, एस्टीत चढावे तसे चढावे लागते.

पंपावर भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला होता. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. शेजाऱ्यांनी कार्ड घातले, नळी लावली आणि आकडे भराभर पळू लागले. पन्नास, साठ, सत्तर... आणि पंचाहत्तरवर येऊन पंप खटकन थांबला. मला वाटले, यंत्र बिघडले.

"बिघडले नाही," शेजारी म्हणाले. "कार्डावर एका वेळी पंचाहत्तर डॉलरांचेच पेट्रोल मिळते. एका गाडीला याहून जास्त लागेल, असे नियम करताना कुणाला वाटले नसावे." त्यांनी पुन्हा कार्ड घातले आणि टाकी भरली. एकूण शंभर डॉलरांच्या वर गेले.

येताना ते फारसे बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाले, "पेट्रोल चढले की माझे दोन्ही खिसे फाटतात. एका खिशातून गाडी खाते. दुसऱ्यातून नोकरी जायची भीती. आमच्या कारखान्यात पिकअपचेच भाग होतात ना!"

मी पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे टूलरूममध्ये काढलेला माणूस. मी साधा प्रश्न विचारला, "पेट्रोल महागणार हे दिसत होते, तर तुमच्या कंपन्या पिकअपचे कारखाने वाढवीत का राहिल्या? लहान गाड्या का नाही केल्या?"

ते हसले आणि म्हणाले, "याचे उत्तर तुम्ही इथे असेपर्यंत संपणार नाही." ते खरेच ठरले. मी परत आलो, पुन्हा गेलो, वाचत राहिलो, विचारत राहिलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

हौदा रिकामाच

पिकअप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, द्राक्षांचे क्रेट आणि लग्नसराईत हौद्यात उभे असलेले वऱ्हाड येते. अमेरिकेतही प्रारंभ असाच झाला. १९२५ साली हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने आपल्या 'मॉडेल टी' गाडीच्या पाठीवर हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. शेतकऱ्याला बाजारी माल न्यायला गाडी हवी होती, ती त्याला मिळाली.

पुढे शेतकरी थोडे उरले, पिकअप मात्र वाढत गेली. १९४८ सालापासून निघालेली फोर्डची 'एफ' मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. २००४ साली एका वर्षात तिच्या नऊ लाख एकोणचाळीस हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. मुलाच्या गल्लीत मी रोज पिकअप मोजत असे. हौद्यात काही भरलेली पिकअप दिसली, तर तो दिवस विशेष म्हणायचा! गाडी सुतारकामाची, पण मालक कचेरीत जाणारा. आपण शेतकऱ्याचे, कष्टकऱ्याचे वंशज आहोत, ही आठवण माणूस तिथे अंगणात उभी करून ठेवतो, आणि अशा आठवणीला लिटरला सहासात किलोमीटर पडतात.

परंतु नुसत्या हौसेने कारखाने उभे राहत नाहीत. त्यामागे चोख हिशेब असतो.

नफ्याचे गणित

पिकअपची घडण जुन्या वळणाची. खाली पोलादी चेसी, वर केबिन, मागे हौदा. एकच चेसी अनेक गाड्यांना चालते. हौद्याऐवजी मागे बंद खोली बांधली की आठ जणांची मोठी कुटुंबाची गाडी तयार. करायला सोपी आणि विकायला महाग! लहान मोटारीत कंपनीला कसेबसे चार पैसे सुटायचे, कधी पदरचेही जायचे. मोठ्या पिकअपमागे आठदहा हजार डॉलर सुटतात, असे त्या धंद्यातले जाणकार सांगत. ज्या दुभत्या म्हशीवर घर चालते, ती वैरण जास्त खाते म्हणून कोणी विकत नाही.

शिवाय या म्हशीच्या गोठ्याला सरकारने भक्कम कुंपण घालून दिले आहे. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

कोंबडीचा कर

शेजारी प्रथम 'चिकन टॅक्स' म्हणाले तेव्हा मला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबड्या कारखान्यातल्यासारख्या निपजू लागल्या आणि स्वस्तात युरोपात जाऊ लागल्या. तेथील शेतकऱ्यांनी ओरड केली, तेव्हा युरोपच्या सामायिक बाजारपेठेने १९६२ साली त्यांच्यावर जबर जकात बसवली. याचा वचपा म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी चार वस्तूंवर जकात लावली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवरील जकात शेकडा २५. रोख होता जर्मनीच्या फोक्सवॅगनवर.

कोंबडीचे भांडण मिटले, विसरले गेले. पहिल्या तीन वस्तूंवरची जकातही कालांतराने उठली. ट्रकवरची मात्र राहिली ती राहिलीच. परदेशी मोटार अमेरिकेत आली तर जकात शेकडा अडीच, पिकअप आली तर पंचवीस, असा प्रकार अनेक दशके चालला. लहान मोटारींत जपान्यांनी डेट्रॉइटला घाम फोडला, पण पिकअपच्या अंगणात उतरायचे तर त्यांना अमेरिकेतच कारखाना बांधणे भाग पडले. गंमत अशी की हे कुंपण पुढे फोर्डलाच टोचले. तुर्कस्थानातून आपल्या व्हॅन आणताना ती कंपनी त्यांत मागची आसने बसवून त्या प्रवासी गाड्या म्हणून जकातीतून सोडवी आणि नंतर आसने काढून टाकी. हे प्रकरण २०२४ साली ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून तिने मिटवले.

दुसरे कुंपण पेट्रोल वाचवण्याच्या कायद्याचे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ साली अमेरिकेने कायदा केला, की प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनी गॅलनमागे सरासरी ठरावीक मैल गेलेच पाहिजे. पण ट्रक म्हणजे कष्टाचे वाहन, म्हणून त्याला निराळे आणि सैल माप दिले. मोटारींना १९८५ सालासाठी साडेसत्तावीस मैलांचे माप होते. हलक्या ट्रकना त्यानंतर वीस वर्षांनीही एकवीस मैलांच्याच आसपास. त्यातून फार पेट्रोल खाणाऱ्या मोटारींवर १९७८ साली खास कर बसला, त्यातूनही ट्रक सुटले. साहजिकच कारखानदारांनी कुटुंबाच्या गाड्यासुद्धा ट्रकच्या वर्गात बसवल्या. पेट्रोल वाचवायला केलेल्या कायद्याने पेट्रोल खाणाऱ्या गाडीला दार उघडून दिले!

टूलरूममधला हिशेब

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. गाडीचा पत्र्याचा एक भाग काढायचा तर त्याला एकामागून एक चारपाच डाय लागतात. एकेक डाय टनावारी वजनाची. तिचे आरेखन, ओतकाम, यंत्रकाम, मग प्रेसवर चाचणी. पत्रा फाटला की पुन्हा घासणे. आमच्याकडे एका दारासाठी महिनेच्या महिने जात. संपूर्ण नवी गाडी आणि तिचा नवा कारखाना म्हणजे तीनचार वर्षांचा संसार. पेट्रोलच्या पाटीवरचा आकडा मात्र रात्रीत बदलतो.

जपानच्या टोयोटा कंपनीने फेब्रुवारी २००३ मध्ये टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ येथे मोठ्या पिकअपचा कारखाना काढण्याचे जाहीर केले, तेव्हा पेट्रोल गॅलनला दीड डॉलरच्या आसपास होते. सप्टेंबर २००५ मध्ये कतरिना वादळानंतर ते तीन डॉलरवर गेले, तोवर भिंती उभ्या राहत होत्या. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्षाला दोन लाख पिकअप काढू शकणारा तो कारखाना सुरू झाला. जुलै २००८ मध्ये पेट्रोल चार डॉलर अकरा सेंटवर पोचले आणि ऑगस्टपासून तीन महिने कंपनीने तिथले काम थांबवले.

मग मिसिसिपी राज्यात बांधायला घेतलेल्या आणखी एका कारखान्याचा बेत टोयोटाने बदलला. तिथे पेट्रोल वाचवणारी 'प्रियस' काढायचे ठरले. पण मंदी वाढली, डिसेंबरात पेट्रोल पुन्हा दीडपावणेदोन डॉलरवर कोसळले आणि तेही काम थांबले. पुढे २०११ साली त्या कारखान्यातून निघाली ती साधी 'कोरोला'! जगातली नामांकित कंपनी, हाताशी हिशेबनीसांची फौज, आणि सहा महिन्यांत दोन्ही अंदाज चुकले.

याहून बोलका दाखला मुलाच्या घरापासून जवळच होता. वेन गावात फोर्डचा एक जुना कारखाना आहे. पिकअपच्याच चेसीवरच्या भल्याथोरल्या गाड्या तिथे निघत आणि एके काळी नफ्यात त्याचा हात धरणारा कारखाना जगात नाही, असे बोलले जाई. जुलै २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले, की आता येथे लहान मोटारी काढू. पंचावन्न कोटी डॉलर खर्चून सारी यंत्रसामग्री बदलली. २०११ साली 'फोकस' ही लहान मोटार बाहेर पडू लागली. पुढे तेल उतरले. २०१६ च्या आरंभी पेट्रोल पावणेदोन डॉलरच्या खाली आले आणि गिऱ्हाईक परत मोठ्या गाडीकडे वळले. २०१८ साली 'फोकस' बंद झाली आणि त्याच छपराखाली 'रेंजर' पिकअप सुरू झाली.

चुकीची किंमत

अंदाज चुकला की भरपाई कोण करतो, हा खरा प्रश्न आहे.

टोयोटाने सॅन अँटोनिओच्या त्या तीन महिन्यांत कामगारांना काढले नाही. पगार चालू ठेवून त्यांना प्रशिक्षण दिले, कारखान्याच्या सुधारणेची कामे दिली, गावातल्या लोकोपयोगी कामांवर पाठवले. जनरल मोटर्सने जून २००८ मध्ये मोठ्या गाड्यांचे चार कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिलचा कारखाना २३ डिसेंबरला, नाताळाच्या दोन दिवस आधी थांबला. आजोबा, बाप आणि मुलगा अशा पिढ्या त्या कारखान्यावर जगल्या होत्या. १ जून २००९ रोजी खुद्द जनरल मोटर्सने दिवाळे काढले. सरकारी पैशाने ती पुन्हा उभी राहिली. जेन्सव्हिलचा कारखाना मात्र उघडला नाही.

आमच्या शेजाऱ्यांची नोकरी त्याच हिवाळ्यात गेली. मुलाने फोनवर सांगितले. दीड वर्ष त्यांनी लोकांच्या अंगणातला बर्फ काढला, घरे रंगवली, सामान वाहिले. त्या दिवसांत त्यांच्या पिकअपच्या हौद्यात प्रथमच रोज काहीतरी होते!

२०१९ साली मी पुन्हा गेलो, तेव्हा ते कामावर परतले होते. कारखाना निराळा, काम तेच, मजुरी पूर्वीपेक्षा कमी. अंगणात नवी पिकअप उभी होती, आधीच्या गाडीहून लांब. मला राहवले नाही. "इतके भोगूनही पुन्हा हीच?" असे मी विचारले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लहान गाडी मलाही परवडली असती. पण मी जी गाडी बनवतो ती मीच घेतली नाही, तर दुसऱ्याने का घ्यावी?"

या प्रश्नावर मला उत्तर सुचले नाही. टूलरूममध्ये असताना आमची स्वतःची पोटेही अशाच कुठल्या तरी गाडीच्या खपावर होती.

जून २०२२ मध्ये पेट्रोल अमेरिकेत प्रथमच गॅलनला पाच डॉलरवर गेले. वाटले, आता तरी वारे फिरेल. पण जुलै २०२४ मध्ये फोर्डने जाहीर केले, की कॅनडातल्या ओकव्हिल येथे जिथे विजेच्या गाड्या निघायच्या होत्या, तिथे सर्वांत अवजड पिकअप काढू. जून २०२५ मध्ये जनरल मोटर्सनेही मिशिगनमधील ओरायनच्या कारखान्याबाबत तसाच निर्णय सांगितला: विजेच्या पिकअपचा बेत रद्द, पेट्रोलच्या मोठ्या गाड्या आणि पिकअप २०२७ पासून. पुढच्याच महिन्यात पेट्रोल वाचवण्याच्या त्या जुन्या कायद्याखालचा दंड अमेरिकी सरकारने शून्यावर आणला. कायदा पुस्तकात राहिला, छडी तेवढी काढून घेतली.

या कारखान्यांतून गाड्या पुरत्या बाहेर पडतील तेव्हा पंपावर कोणता आकडा असेल, हे कंपन्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. आकडा लहान असला तर नफा भागधारकांचा. मोठा असला तर कारखान्याला कुलूप लागेल, आणि ते लागेल तेव्हा बाहेर उभा राहणारा माणूस हा निर्णय घेणाऱ्यांत कुठेच नव्हता. चूक कोणाच्याही हातून होते. टोयोटासारखी चूक करून माणसे सांभाळणेही शक्य असते. ते प्रत्येकाला का जमत नाही, एवढेच मला विचारावेसे वाटते.

शेजारी आता निवृत्त झाले आहेत. मागच्या दिवाळीत मुलाच्या फोनवर त्यांच्याशी बोलणे झाले. "पिकअप आहे की विकली?" मी विचारले.

"आहे," ते म्हणाले. "आता मात्र पंचाहत्तर डॉलर होण्याच्या आत मीच पंप थांबवतो."